उपरोधातला तिसरा माणूस

(जोगेश्वरी पूर्व येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात हयात घालवली. म्हणून मला विषय विचारला गेला तेव्हा मी ‘आयर्नी’ असे सांगून टाकले. तिला मराठीत उपरोध म्हणावे, व्याजोक्ती म्हणावे की वक्रोक्ती, यावर एक स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल आणि त्याला आजच्याहून कमी लोक येतील. तेव्हा ते भांडण आपण बाजूला ठेवू. बोलण्यातल्या आयर्नीला मी उपरोध म्हणणार आहे. नाटकातली आणि परिस्थितीतली आयर्नी ओघात येईल.

शाळेत याची व्याख्या एका ओळीत पाठ करून घेतात. मनात असेल त्याच्या उलट बोलणे म्हणजे आयर्नी. दोन गुणांना तेवढे पुरते. पण मनात असेल त्याच्या उलट तर खोटे बोलणाराही बोलतो. ‘डिपॉझिट पुढच्या महिन्यात नक्की परत करतो’ म्हणणाऱ्या घरमालकाला कोणी उपरोधिक म्हणत नाही. खोटे बोलणाऱ्याला वाटते, आपल्या मनातले कोणालाच कळू नये. उपरोध करणाऱ्याला वाटते, ते कोणाला तरी कळावे आणि कोणाला तरी कळू नये. निदान कळल्याचे त्याला कबूल करता येऊ नये. म्हणजे उपरोधाला तीन माणसे लागतात. बोलणारा, ओळखणारा आणि न ओळखणारा. मला आज बोलायचे आहे ते या तिसऱ्या माणसाबद्दल. पहिल्या दोघांबद्दल साहित्यशास्त्रात पुष्कळ लिहून झाले आहे. तिसऱ्याकडे कोणी फारसे बघत नाही, आणि खरे तर सगळी मजा आणि सगळा धोका त्याच्यापाशीच असतो.

ही कल्पना माझी नाही. इंग्रजी कसे लिहावे यावरचा एच. डब्ल्यू. फाउलर यांचा प्रसिद्ध कोश १९२६ साली निघाला. त्यात त्यांनी आयर्नीची ओळख पटवताना श्रोत्यांचे दोन वर्ग धरले आहेत. एक वर्ग ऐकतो आणि त्याला कळत नाही. दुसऱ्याला बोलण्यातला जास्तीचा अर्थ कळतो, आणि पहिल्याला तो कळलेला नाही हेही कळते. फाउलर स्वभावाने शाळामास्तर, त्यामुळे हे ते थोडक्यात सांगतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. हे दोन वर्ग समाजात कोण असतात, कोणाची सत्ता कोणावर असते, हे प्रश्न कोशकाराचे नव्हेत. ते आपले आहेत.

त्याआधी एक किरकोळ हिशेब मिटवून टाकू. इंग्रजीत हल्ली कुठल्याही विचित्र योगायोगाला ‘आयरॉनिक’ म्हणतात, आणि मराठी वर्तमानपत्रे त्याच सैल हाताने ‘दैवदुर्विलास’ लिहितात. जोगेश्वरीला उतरायचे असताना घाईत जलद लोकलमध्ये चढलो आणि बोरिवलीपर्यंत गेलो, तर त्यात आयर्नी कसली? तो नुसता धांदरटपणा. पण जलद गाडी जोगेश्वरीला थांबणार नाही अशी उद्घोषणा जिच्या आवाजात होते, तीच बाई त्या गाडीत चढली आणि आपलाच आवाज ऐकत बोरिवलीला गेली, तर ती परिस्थितीतली आयर्नी झाली. तिथे जाणणारा आणि न जाणणारा एकाच देहात येतात. नुसत्या योगायोगात तसे कोणी नसते.

मराठी माणसाला हे शिकवायची खरे तर गरजच नाही. आपल्या भाषेत उपरोध इतका मुरला आहे की तो आता जाणवतही नाही. नोकरीवरून काढतो त्याला आपण नारळ देतो. मारतो त्याला प्रसाद देतो. मुलगा नापास झाला की त्याने दिवे लावले, मूर्खासारखे बोलला की मुक्ताफळे उधळली. पोलीस ठाण्यात पाहुणचार होतो. अंगावर मणीही नसलेली बाई लंकेची पार्वती होते. यातल्या बहुतेक शब्दांचा मूळ वापर देवळातला किंवा सणासमारंभातला आहे. ज्या समाजात मोठ्यांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती, त्याने पूजेचे सगळे साहित्य उचलून शिव्यांच्या कामाला लावले, असे मला वाटते. भाषाशास्त्रज्ञ याला नुसते वाक्प्रचार म्हणतील. म्हणू द्या.

आता आपल्याकडच्या बहुधा सगळ्यात जुन्या उपरोधाकडे वळतो. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला ‘गाथासप्तशती’ हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे मराठीच्या आजीच्या भाषेत. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली त्याची मोठी मराठी आवृत्ती सिद्ध केली. त्यातली एक गाथा आनंदवर्धनाने नवव्या शतकात, काश्मीरमध्ये बसून, ‘ध्वन्यालोका’त उदाहरण म्हणून घेतली आणि पुढे हजार वर्षे पंडित तिच्यावर वाद घालत राहिले. प्रसंग असा. गोदावरीच्या काठी दाट झाडीचे एक कुंज आहे. एक तरुणी तिथे आपल्या प्रियकराला भेटते. एक भाविक गृहस्थ फुले वेचायला नेमका तिथेच येऊ लागतो. वाटेतल्या कुत्र्याला तो बिचारा घाबरतो, पण येतो. एके दिवशी ती त्याला म्हणते की महाराज, आता खुशाल हिंडा. तो कुत्रा मेला. त्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने आजच त्याला मारले.

शब्द बघाल तर ही परवानगी आहे. अर्थ बघाल तर बंदी. आणि लक्षात घ्या, ही शाळेतल्या व्याख्येप्रमाणे उलट बोललेली नाही. ‘हिंडा’ म्हणताना तिच्या शब्दात कुठे टोमणा नाही की आवाजात कुठे हेल नाही. तिने शिष्टाचार पाळला, भाविकाचा मान ठेवला, आणि सिंहाला वाक्याच्या शेवटी एका कोपऱ्यात बसवून दिले. आनंदवर्धनाने म्हटले, विधान होकाराचे आहे आणि ध्वनित होतो तो नकार. महिमभट्टाने नंतर आक्षेप घेतला की यात ध्वनी वगैरे काही नाही, साधे अनुमान आहे. सिंह असेल तिथे माणूस जात नाही, एवढेच. महिमभट्टाचे म्हणणे चूक नाही, पण ते त्या भाविकाचे आहे. त्याला एवढेच कळले असणार. सिंह आहे, जायला नको. तरुणीला आपण नकोसे झालो आहोत, हे त्याला कळले नाही. ते आपल्याला कळते. तो फुलांची परडी घेऊन तिचे आभार मानत परत गेला असेल. हा आपल्या साहित्यातला पहिला तिसरा माणूस. तो धार्मिक आहे, प्रतिष्ठित आहे, आणि त्याला सरळ ‘येऊ नका’ म्हणण्याची सोय त्या मुलीला नाही.

ग्रीकांकडे हीच गोष्ट नाटकातून आली. त्यांच्या जुन्या प्रहसनांत एरॉन नावाचे ठरीव पात्र असे. आपल्याला काही कळत नाही असे दाखवत बढाईखोराला गोत्यात आणणारे. आपल्याकडे तमाशातला सोंगाड्या करतो तेच. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके हवालदार होऊन बावळटासारखे राजकारणावर बोलत, तेव्हा पुढच्या रांगेत बसलेले पुढारीही हसत असत. हसले नाहीत तर कळल्याचे सिद्ध होईल! सॉक्रेटिसने तेच सोंग अथेन्सच्या चौकात आणले. मला काही ठाऊक नाही, तुम्हीच सांगा, असे म्हणून त्याने शहाण्यांना बोलते केले. अथेन्सच्या लोकांना अखेर ते कळले, आणि त्यांनी त्याला विषाचा प्याला दिला.

इंग्रजीत या कलेचे शिखर म्हणून सगळे १७२९ सालच्या एका पत्रकाकडे बोट दाखवतात. जोनाथन स्विफ्ट हा डब्लिनमधला धर्मगुरू. आयर्लंडमधल्या गरिबांच्या मुलांचे काय करावे यावर त्याने एक ‘विनम्र सूचना’ छापली. ती मुले एक वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत. पुढे संगोपनाचा खर्च, मांसाचा भाव, देशाचा फायदा असा हिशेब. ओरडणे नाही, शाप नाहीत. लिहिणारा एक सद्गृहस्थ आहे, आकडेमोडीत रमणारा, देशहिताची कळकळ असलेला, आणि आपण काय बोलतो आहोत याचा त्याला पत्ताच नाही. इथे तिसरा माणूस बाहेर नाही, तो निबंध लिहितो आहे. स्विफ्टला माहीत होते की आयर्लंडवर राज्य करणारे असेच बोलतात. त्यांच्या हिशेबात माणसे आधीच आकडे झालेली असतात. त्याने फक्त हिशेब एक पायरी पुढे नेला.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी हीच युक्ती मराठीत आणली. १९०२ पासून ‘सुदाम्याचे पोहे’ निघू लागले. त्यातला सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या रूढींच्या बाजूने इतक्या उत्साहाने बोलतात की रूढी उघडी पडते. चिं. वि. जोशींचा चिमणराव त्याच घराण्यातला. तो आपल्या फजितीची हकिकत सांगतो आणि त्याला स्वतःला दिसत नाही ते वाचकाला दिसत राहते. आपल्या विनोदी लेखकांची आपण कथाकथनाच्या कार्यक्रमांत जी बडबडी टाळ्याखाऊ परंपरा केली, तिच्यात हा शांत भाग हरवला. टाळ्या हव्या असल्या की तिसरा माणूस उरत नाही. सगळ्यांना सगळे लगेच कळावे लागते.

आता आपल्या गावात येऊ. जोगेश्वरी हे नाव ज्या देवीवरून आले, तिचे ठाणे असलेले शैव लेणे सहाव्या शतकातले. इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी लहानपणी तिथे लपाछपी खेळली असेल. आत पावसाळ्यात पाणी गळते, शिल्पे झिजून गेली आहेत. तरी शिवपार्वतीचे लग्न आणि दोघांचा सारीपाटाचा डाव अजून ओळखू येतात. या लग्नाच्या आधीची गोष्ट कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात सांगितली आहे. पार्वती शंकरासाठी तप करते आहे. एक बटू येतो आणि तिची समजूत घालू लागतो. कोणाच्या नादी लागलीस? तो स्मशानात राहतो, अंगावर साप बाळगतो, हत्तीचे ओले कातडे पांघरतो, त्याच्या कुळाचा पत्ता नाही, जवळ फुटकी कवडी नाही. पार्वती चिडते, त्याला सुनावते, निघून जायला लागते. तेव्हा बटूच्या जागी शंकर उभा असतो.

नाट्यशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत याला ड्रॅमॅटिक आयर्नी म्हणतात. वाचकाला माहीत आहे, पात्राला नाही. ही कल्पना इंग्रजीत रूढ करण्याचे श्रेय कॉनॉप थर्लवॉल या धर्मोपदेशकाच्या सोफोक्लीसवरच्या १८३३ सालच्या निबंधाला देतात. पण कालिदासाच्या प्रसंगातली माझ्या मते जास्त मोलाची गोष्ट वेगळी आहे. बटू बोलतो तो शब्दन्‌शब्द खरा आहे. शंकर स्मशानात राहतो, साप बाळगतो, त्याच्याजवळ पैसा नाही. खोटे काहीच नाही, उलटही काही नाही. आणि तरी ती निंदा नव्हे. म्हणजे उपरोधाला खोटा शब्द लागत नाही. खरा शब्द अशा जागी उभा करायचा की ऐकणाऱ्याने आपली जागा ठरवावी. पार्वती ठरवते. ती तिसऱ्या जागेवरून दुसऱ्या जागेवर येते, आणि लगेच लग्न ठरते. (सारीपाटाचा डाव ही पुढची गोष्ट. त्यात पुराणकथेप्रमाणे शंकर हरतो. संसारात उपरोधाला फार वाव नसतो.)

रंगभूमीवरचे आपले उदाहरण देवलांच्या ‘संशयकल्लोळा’चे. १९१६ साली ते रंगमंचावर आले. फाल्गुनरावाला बायकोचा संशय, बायकोला नवऱ्याचा, आणि प्रेक्षकांना सगळे आधीच ठाऊक. तिथे तिसरा माणूस निरुपद्रवी आहे, म्हणून आपण अजूनही तिकीट काढून हसायला जातो.

तो निरुपद्रवी नसतो तेव्हा काय होते, त्याची गोष्ट मुंबईच्या उच्च न्यायालयात घडलेली आहे. शिवराम महादेव परांजपे, जन्म १८६४, गाव महाड, संस्कृतचे एम.ए. त्यांनी १८९८ साली पुण्यात ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केले. टिळक ‘केसरी’त सरकारला सरळ विचारत. सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, हा त्यांचा १८९७चा प्रश्न शाळकरी मुलांनाही पाठ आहे. परांजपे तसे विचारत नसत. त्यांचे हत्यार व्याजस्तुतीचे, म्हणजे स्तुतीच्या आडून निंदेचे होते. संस्कृत पंडित जी गोष्ट राजसभेत अलंकार म्हणून शिकवत, ती त्यांनी वर्तमानपत्रात आणली. इतिहासातली एखादी गोष्ट, पुराणातले एखादे पात्र, कधी निव्वळ निसर्गवर्णन. वरून पाहावे तर आक्षेप घ्यायला जागा नाही. आतून प्रत्येक वाचकाला कळे की बाण कोणावर आहे.

ही युक्ती कशी चालते ते माझ्या एका बनावट उदाहरणाने सांगतो. परांजप्यांचे वाक्य मी देत नाही. समजा एखाद्या संपादकाने त्या काळात लिहिले असते की सरकार इतके दयाळू आहे की दुष्काळातसुद्धा शेतसारा घ्यायला विसरत नाही, न जाणो शेतकऱ्याला वाटायचे आपल्याला कोणी विचारत नाही. आता फिर्यादीचे काम पाहा. आरोप भारतीय दंडसंहितेच्या १२४अ कलमाखालचा, म्हणजे सरकारविषयी अप्रीती निर्माण केल्याचा. १८९७ सालच्या टिळकांवरच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी या अप्रीतीचा अर्थ करून ठेवला होता की प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती. आता सरकारी वकिलाला ज्यूरीपुढे काय सिद्ध करायचे आहे? लेखकाने सरकारला दयाळू म्हटले आहे हे तर कागदावर आहे. वकिलाला सांगावे लागते की महाराज, हा मजकूर कोणीही शहाणा माणूस खरा मानणार नाही. सरकार दयाळू आहे असे या देशात कोणी गंभीरपणे म्हणेल, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. म्हणून ही स्तुती निंदा आहे, आणि निंदा आहे म्हणून गुन्हा आहे.

बघा, काय झाले. जो युक्तिवाद संपादकाने आपल्या लेखात लपवून ठेवला होता, तो उघड्या कोर्टात, सरकारच्या खर्चाने, सरकारचाच वकील मांडणार. उपरोधावरच्या प्रत्येक राजद्रोहाच्या खटल्यात ही अडचण असते. शिक्षा करायची तर कळले म्हणावे लागते, आणि कळले म्हणजे ते लागू पडले असे कबूल करावे लागते. तिसऱ्या माणसाने ‘मला समजले’ म्हटले की तो तिसरा राहत नाही. उपरोधाचा उत्तम रसग्रहणकार कोण, असे मला कोणी विचारले तर मी मराठीच्या प्राध्यापकांचे नाव घेणार नाही. सरकारी वकिलाचे घेईन.

पण म्हणून परांजपे सुटले असे नाही, आणि हे इथे स्पष्ट बोलले पाहिजे. १९०८ साली त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या खटल्याच्या कामासाठी टिळक मुंबईत आले होते, आणि त्याच मुक्कामात २४ जूनला सरदारगृहात टिळकांनाही अटक झाली. सरळ बोलणाऱ्याला सहा वर्षे, वाकडे बोलणाऱ्याला एकोणीस महिने. उपरोधाने शिक्षा कमी झाली, असा निष्कर्ष कोणी काढू नये. खटले वेगळे होते, माणसांचे वजन वेगळे होते. ‘काळ’ १९१० साली नव्या मुद्रण कायद्याने मागितलेल्या जबर जामिनापुढे बंद पडला. त्यातल्या निवडक निबंधांचे खंडही सरकारने जप्त केले. तिसरा माणूस कधीकधी साहित्याचे शास्त्र गुंडाळून ठेवतो. मला कळले की नाही ते सोडा, तुरुंगात चला.

या कलमाची पुढची गोष्ट १८ मार्च १९२२ ची, अहमदाबादची. गांधींनी न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे गुन्हा कबूल केला आणि १२४अ या कलमाला राजकीय कलमांमधल्या राजपुत्राचा मान दिला. वर हेही सांगितले की प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही. न्यायाधीशाने अतिशय अदबीने सहा वर्षे दिली, टिळकांचा दाखला देऊन. दोघेही एकमेकांना पूर्ण ओळखून होते. त्या खोलीत तिसरा माणूस नव्हताच. होता तो फक्त कायदा, आणि त्याला ऐकू येत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा २०१४ सालचा मराठी चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. वीरा साथीदारांनी त्यात उभा केलेला लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर आरोप काय, तर त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. गाण्यातला शब्द तेवढाच घ्यायचा, बोलणारा कोण आणि कोणाला बोलतो हे बघायचेच नाही. परांजप्यांच्या काळच्या सरकारला निदान उपरोध ओळखल्याचा पुरावा द्यावा लागत होता. इथे ओळखण्याची तसदीच कोणी घेत नाही. १२४अ कलमाच्या वापराला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगिती दिली, आणि जुलै २०२४ पासून त्या जागी नव्या संहितेचे वेगळे कलम आले आहे. त्यावर वकिलांनी बोलावे. माझी काळजी कलमाची नाही, शब्दाला शब्द म्हणूनच वाचणाऱ्या डोक्याची आहे. असे डोके कोर्टातच असते असे नाही. ते आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभात म्हणत असते.

आता उपरोधाची दुसरी बाजू. मी आतापर्यंत जी उदाहरणे दिली त्यांत तिसरा माणूस वरचा आहे. भाविक गृहस्थ, पुढारी, साहेब. तो खालचा असला तर? रेशनच्या खिडकीवर चुकीचा कागद घेऊन आलेल्या म्हातारीला कारकून म्हणतो, ‘वा, आजी, फारच हुशार तुम्ही.’ मागच्या रांगेतले चार जण हसतात. रचना तीच. बोलणारा आहे, ओळखणारे आहेत, न ओळखणारी आहे. पण याला उपरोध म्हणून डोक्यावर घ्यायला मी तयार नाही. ही हेटाळणी आहे. आपल्या मराठी मध्यमवर्गाने आपल्या वाक्चातुर्याचे जे कौतुक केले, त्यातले निम्मे या खिडकीवरचे आहे, हे कोणी तरी म्हणायला हवे. पुणेरी पाट्यांचे संग्रह निघतात. त्यांतल्या किती पाट्या घरमालकाला उद्देशून आहेत आणि किती भाडेकरू, फेरीवाला, पत्ता विचारणारा यांना, हे एकदा मोजून बघा.

जोतीराव फुल्यांना हा फरक नेमका ठाऊक होता. ‘गुलामगिरी’त, १८७३ साली, धोंडीबा भोळेपणाने प्रश्न विचारतो आणि अवतारांच्या कथा एकेक करून कोसळतात. तिथे उपरोध वर रोखलेला आहे. पण शेतकऱ्याबद्दल बोलायचे झाले तेव्हा, ‘शेतकऱ्याचा आसूड’मध्ये, त्यांनी हा खेळ बराचसा बाजूला ठेवून हिशेब आणि संताप सरळ मांडला. आणि १८८८ साली ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात समारंभ झाला, तिथे दागदागिन्यांनी मढलेल्या मंडळींत ते शेतकऱ्याच्या पोशाखात जाऊन उभे राहिले, आणि इथे जमलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे असे पाहुण्यांना सांगितले. मला यातले भाषणापेक्षा कपडे जास्त आवडतात. पोशाखाचे भाषांतर करावे लागत नाही.

एक आठवण ओघात सांगून टाकतो, कारण हे व्याख्यान छापले जाणार आहे. या देशातले सगळ्यात प्रसिद्ध छापील व्याख्यान कधी दिलेच गेले नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावले, मजकूर वाचून घाबरून संमेलनच रद्द केले, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. जात तोडायला निघालेल्या मंडळाला जात तोडण्याचे भाषण झेपले नाही. या वाक्यात मी उपरोध घातलेला नाही. घटनेतच तो होता.

शेवटी पुन्हा लेण्याकडे, कारण तिथे परिस्थितीतली आयर्नी रोज राहायला असते. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण, असा केंद्राचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. आणि आपल्या लेण्याला वस्ती अगदी चिकटून आहे, डोक्यावरसुद्धा. बाहेरून आलेला अभ्यासक हे पाहतो आणि लिहितो, काय हा दैवदुर्विलास. मला हा शब्द इथे खटकतो. दैवाने काही केलेले नाही. गिरण्या, कारखाने, दुष्काळ, मुंबईतली घरांची टंचाई, मतांचे हिशेब, डोळेझाक, हे सगळे माणसांनी केले. दैवदुर्विलास म्हटले की करणारा दिसेनासा होतो, आणि म्हणणारा लांब उभा राहून हळहळायला मोकळा होतो. परिस्थितीतली आयर्नी पाहायला अंतर लागते. तिच्यात राहणाऱ्याला ते परवडत नाही. त्याला गळके छप्पर दुरुस्त करायचे असते आणि परवानगी मिळत नसते.

पण त्याच्याकडे बोलण्यातला उपरोध असतो. लेणे बघायला आलेल्या काही मंडळींबरोबर मी एकदा तिथे गेलो होतो. वस्तीतल्या एका बाईंना आमच्यातल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारले, पुरातत्त्वाच्या कायद्याचा तुम्हाला काय अनुभव? बाई कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, ‘लई चांगला. लेण्यासारखंच आमचं घर पण जपून ठेवलंय सरकारनं. खिळासुद्धा मारू देत नाय.’

शब्दन्‌शब्द खरा. बटूसारखा. आमच्यातले दोघे खाली मान घालून हसले. सरांच्या जागी आज जे शिकवतात, त्यांना माझी विनंती आहे की मुलांना ‘या वाक्याचा उलट अर्थ लिहा’ असे विचारू नका; ‘हे वाक्य कोणाला कळू नये’ असे विचारा. कारण आमच्या त्या गृहस्थांना फार समाधान वाटले. संवर्धनाला स्थानिकांचा पाठिंबा आहे असे ते म्हणाले, आणि त्यांनी वाक्य वहीत उतरवून घेतले. पुढे त्यांचा लेख छापून आला. त्यात ते आहे, अवतरणचिन्हांत, कायद्याच्या यशाचा दाखला म्हणून.